पेन्यामारमध्ये कुठे जेवाल

रविवारी सकाळी सिंगापूरच्या ईस्ट कोस्टला चालून झालं की शिरीष आणि सविता तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या शेडमध्ये, बसत, आणि टॅम्पिनीसहून त्यांची लेक आर्या आणि जावई कुशल त्यांना तिथेच येऊन मिळत. आर्याच्या लग्नापासूनचा हा शिरस्ता. शिरीष एका जहाज कंपनीत सुपरिंटेंडंट होता. आठवडाभर जहाजांच्या इंजिनांची दुखणी ऐकून त्याचे कान किटलेले असत, तरी रविवारी खुर्ची धरायची ती समोर नांगरलेली जहाजं दिसतील अशीच. सविता त्यावरून त्याला चिडवायची, आणि तो हसून सोडून द्यायचा.

त्या रविवारी आर्या स्पेनच्या सहलीचं घेऊन बसली होती. माद्रिद ठरलं होतं, ग्रानाडा ठरलं होतं, आता शेवटचे तीन दिवस समुद्रकाठी निवांत काढायचे होते, आणि त्यासाठी तिने पेन्यामार नावाचं एक छोटंसं गाव शोधून काढलं होतं. कुठे जेवावं, काय विकत घ्यावं, काय पाहावं, असं सगळं एका वेबसाइटवर दिलेलं होतं आणि ती ते फोनवरून वाचून दाखवत होती. बंदरावरचं काचेच्या भिंतींचं रेस्टॉरंट, कापडी पिशव्यांचं एक दुकान, सूर्यास्ताची बोटीची फेरी. सविताने विचारलं, तिथे मासळीबाजार असेलच ना, मग सकाळी उठून तो बघायला जा.

"सकाळी काही मिळायचं नाही," शिरीष कोपीत, म्हणजे तिथल्या दाट कॉफीत, चमचा फिरवत म्हणाला. "तिथे बोटी संध्याकाळी लागतात. लिलावही तेव्हाच होतो."

तिघंही त्याच्याकडे बघायला लागले. आपण बोलून गेलो हे त्याच्याही लक्षात आलं, पण आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. त्याने चमचा बशीत ठेवला.

"राहिलोय मी तिथे," तो म्हणाला. "एक अख्खा हिवाळा."

लग्नाआधी त्याचं एक जहाज स्पेनमध्ये दुरुस्तीसाठी अडकलं होतं, एवढं सविताला ठाऊक होतं. त्याने तिला तसंच सांगितलं होतं, कारण त्या वेळी ठाण्याला आईवडिलांनाही फोनवर त्याने तसंच सांगितलं होतं. एकदा सांगितलेलं मग तसंच चालत राहिलं. खरी गोष्ट त्या सकाळी नूडल्स निवत असताना पहिल्यांदा बाहेर आली.

शिरीष तेव्हा नुकताच ज्युनियर इंजिनियर झाला होता आणि ते त्याचं दुसरंच जहाज होतं. जुनाट मालवाहू जहाज, नाव झोकदार, पण मालक नेमका कुठला हे खुद्द कप्तानालाही नीट सांगता येत नसे. ते पेन्यामारला सिमेंट उतरवायला लागलं आणि तिकडे मालकाचं दिवाळं वाजलं. कोर्टाने जहाज धक्क्यालाच बांधून ठेवलं. खलाशी उतरून गेले तर पगारावरचा हक्क सुटणार होता, त्यामुळे सगळे जहाजावरच थांबले. आधी भाज्या संपल्या, मग मांस, मग पीठ. डिझेल पुरवून वापरायचं म्हणून जनरेटर संध्याकाळी थोडाच वेळ चालायचा. एरवी केबिनच्या लोखंडी भिंती अशा गारठलेल्या असत की त्यांना पाठ टेकवत नसे. कप्तान रोज एजंटाला फोन करी, आणि पुढेपुढे एजंटाने फोन उचलणंही सोडलं.

जहाजाचा कुक मालवणचा होता. प्रबोध त्याचं नाव. सगळे प्रबोधदादा म्हणायचे. एका संध्याकाळी लिलावाच्या शेडबाहेर कोळ्यांनी टाकून दिलेली बारीक मासळी तो पिशवीत गोळा करत होता, आणि ते तिथल्या एका बाईने पाहिलं. एन्कार्ना तिचं नाव. बर्फाच्या कारखान्याला लागून तिचा छोटासा बार होता. बार कसला, कोळ्यांची खाणावळच ती. तिने प्रबोधदादाच्या हातातली पिशवी काढून घेतली, आतली मासळी मांजरांपुढे ओतली आणि त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिची भाषा त्याला येत नव्हती आणि त्याची तिला. जहाजावर माणसं किती, हे त्याने बोटांवर दाखवलं.

"दुसऱ्या दिवसापासून," शिरीष म्हणाला, "दुपारची गिऱ्हाइकं उठली की ती आमच्यासाठी पातेलं चढवायची. माशांची डोकी आणि काटे उकळून काढलेल्या पाण्यात शिजवलेला भात. वर लसूण आणि तेल घोटून केलेलं काहीतरी पांढरं, दाट. उन्हाळा लागून जहाज विकलं जाईपर्यंत तिने आम्हाला जेवू घातलं. एक दिवस चुकला नाही."

एन्कार्नाच्या मागून बाकीचं गावही हळूहळू सरसावलं. बेकरीवाला संध्याकाळी उरलेले पाव धक्क्यावर आणून द्यायचा. चौकातल्या कपड्यांच्या दुकानदाराने शिरीषला आत बोलावून एक निळा लोकरीचा कोट अंगावर चढवून पाहिला, बाह्या आखूड होतात म्हणून त्या उसवून लांब करून दिल्या आणि वर दारापर्यंत पोचवायला आला. दिवसभर करण्यासारखं काही नसे, तेव्हा तो कोट घालून शिरीष टेकडीवरच्या दीपगृहापर्यंत चालत जाई. समुद्राकडे तोंड करून तिथे एक बाक होता. वाटेत भेटणारी म्हातारी माणसं त्याला नावाने हाक मारू लागली होती. त्यांच्या तोंडी त्याचं 'सिरी' झालं होतं.

आर्याने फोन केव्हाच उलटा करून ठेवला होता. इतकी वर्षं घरात काहीच कसं बोलला नाहीस, असं ती विचारत होती. "व्हाय यू नेव्हर से वन, बाबा?" रागावली किंवा हलली की तिच्या तोंडी शाळेतली सिंगापुरी इंग्रजीच यायची.

शिरीष तुकड्यातुकड्यांनी सांगू लागला. आपला शिकलासवरलेला मुलगा परमुलखात लोकांच्या घरचं खातोय हे आईला कळलं असतं तर तिच्या घशाखाली घास उतरला नसता, म्हणून तेव्हा सांगितलं नाही. नंतर नोकऱ्या लागल्या, बढत्या झाल्या, सिंगापूर झालं. मग ती गोष्ट कुठून काढायची हेच समजेना. सविता मात्र दुसऱ्याच विचारात होती. शिरीष कुठल्याही जहाजावर तपासणीला गेला की इंजिनरूमच्या आधी कोठीघरात शिरतो, पिठाची पोती उघडून बघतो, फ्रीझरमध्ये मासळी किती आहे ते मोजतो, यावरून कंपनीत त्याची थट्टा चालायची. ती थट्टा तिने पार्ट्यांमधून कितीदा ऐकली होती आणि स्वतःही हसली होती. तिने टेबलावरचा त्याचा हात नुसता दाबला आणि आर्याला म्हणाली, "त्या काचेच्या रेस्टॉरंटचं राहू दे. आधी या बाईला शोध. आणि रिकाम्या हाताने जायचं नाही."

काय पाठवायचं हे ठरवताना शिरीषच्या नाकी नऊ आले. तोआ पायोहच्या दुकानांतून सविता त्याला दुपारभर फिरवत होती. तो एकेक वस्तू उचलायचा, उलटसुलट करून बघायचा आणि जागेवर ठेवून द्यायचा. इतक्या जेवणांच्या बदल्यात चहाचे कप? उशीचे अभ्रे? शेवटी सविताने त्याला कोपीच्या दुकानात बसवलं आणि एकटीने जाऊन एक मोठा बाटिकचा टेबलक्लॉथ घेतला, हिरव्या रंगाचा. घरी येऊन तिने शंकरपाळे केले आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरले. डबा आर्याच्या हाती देताना ती म्हणाली की परतफेड वगैरे काही नाही, आपल्याकडे कोणाकडे जाताना काहीतरी घेऊन जातात, तेवढंच समज.

आर्या पेन्यामारला पोचली त्या दिवशी शिरीष ऑफिसात होता. तिचे फोटो एकामागून एक येऊ लागले. बर्फाच्या कारखान्याचं हॉटेल झालं होतं. शेजारी बार होता तिथे आता फुगवायची बदकं, गॉगल आणि पोहण्याच्या कपड्यांचं दुकान होतं. मालवाहू जहाजं जिथे लागायची त्या धक्क्याला पांढऱ्याशुभ्र खासगी बोटी बांधल्या होत्या. चौकातलं कपड्यांचं दुकान तर ओळखूच येईना. खाली आर्याने लिहिलं होतं, सॉरी बाबा. मीटिंगमध्ये कोणीतरी कुठल्याशा पंपाबद्दल विचारत होतं आणि शिरीषला प्रश्न पुन्हा विचारायला सांगावा लागला. एवढ्या वर्षांनी सगळं जिथल्या तिथे असेल असं आपण धरूनच का चाललो होतो, असं त्याला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो आणि सविता जेवून उठत होते तेवढ्यात आर्याचा व्हिडिओ कॉल आला. आदल्या संध्याकाळी ती आणि कुशल बोटी लागायच्या वेळी लिलावाच्या शेडशी जाऊन उभे राहिले होते. ती शेड तेवढी होती तशीच होती. मासळी निवडणाऱ्या बायकांना कुशलने फोनवर भाषांतर करून दाखवलं, तर त्यांतली एक खळखळून हसली. एन्कार्नाला कोण ओळखत नाही? तिनेच आज यांना चौकामागच्या एका इमारतीत वर आणून सोडलं होतं.

फोन हलला आणि पडद्यावर एक चेहरा आला. केस बारीक कापून तांबूस रंगवलेले, गालांवर सुरकुत्यांचं जाळं, डोळे मात्र तरतरीत. शेजारी तिची नात लुसिया बसली होती आणि आजीचं इंग्रजीत करून सांगत होती. शिरीष नकळत उठून उभा राहिला.

एन्कार्नाने आधी विचारलं, कुठलं जहाज? अशी बरीच जहाजं त्या धक्क्याला येऊन अडकली होती म्हणे, तुमच्या आधी आणि तुमच्या नंतरही. शिरीषने नाव सांगितलं तशी ती ओळख पटून मान हलवू लागली. तिला जहाजाचा गंजलेला रंग आठवत होता. नाताळात चर्चमध्ये येऊन खड्या आवाजात गाणारा कप्तान आठवत होता. आणि प्रबोधदादा तर सगळाच्या सगळा आठवत होता. तो बटाट्याचं साल कुठेही न तोडता एका लांब फितीसारखं कसं काढायचा, तिच्या सुऱ्यांना धार लावून द्यायचा, भातात मीठ कमी पडलं म्हणून तोंड कसं वाकडं करायचा, हे ती हातवारे करून सांगत होती.

मग तिने चष्मा चढवला आणि शिरीषकडे निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. लुसिया ओशाळून म्हणाली, "आजी माफी मागते आहे. ती म्हणते, मुलं पुष्कळ होती, आणि सगळीच बारीक होती."

शिरीष हसला. त्याने मनात कित्येक वर्षं घोळवून ठेवलेलं एक स्पॅनिश वाक्य होतं. ते तो आता हळूहळू, एकेक शब्द सांभाळत म्हणाला: तुम्ही मला जेवू घातलंत, ते मी विसरलेलो नाही, मी तुमचा फार आभारी आहे. एन्कार्नाने माशी हाकलावी तसा हात झटकला आणि काहीतरी विचारलं.

"आजी विचारते, आज तुमचं जेवण झालं का?"

झालं, असं त्याने सांगितलं. काय होतं? भात आणि माशाचं कालवण. कुठला मासा? त्याने सविताला विचारून सांगितलं. भात मोकळा करता की आसट? यावर आजी आणि सविता यांचंच लुसियामार्फत बोलणं सुरू झालं आणि ते बराच वेळ चाललं. फोन ठेवण्याआधी एन्कार्ना पुन्हा शिरीषकडे वळली. प्रबोध कसा आहे? त्याला सांग, मी त्याची आठवण काढते.

"सांगतो," शिरीष म्हणाला. जहाज सुटल्यापासून आपण प्रबोधदादाशी एकदाही बोललेलो नाही, हे त्याच्याने सांगवलं नाही.

फोन बंद झाल्यावर तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने सविताही आली.

"वाईट वाटलं?" तिने विचारलं.

"थोडं," तो म्हणाला. "इतकी वर्षं वाटायचं, तिच्या लक्षात असेन मी."

सविताने कठड्यावर कोपर टेकलं. "तू ज्या खलाशी पोरांसाठी कंपनीशी भांडून जहाजांवर खाण्याचं सामान चढवलंस, त्यांतल्या किती जणांची नावं सांगशील?"

त्याने आठवून पाहिलं. जहाजं आठवली, भांडणं आठवली, पिठाला लागलेली कीडही आठवली. पोराचं एकही नाव आठवेना. तो आपल्याशीच हसला. आपण तिच्या लक्षात राहण्याजोगे नव्हतो, तरी तिने आपल्याला वाढलं. कोणा एकासाठी नव्हतंच ते. जो उपाशी दारात आला त्याच्यासाठी होतं, आणि म्हणून आपल्याही वाट्याला आलं. हे त्याला आधी कधी असं दिसलं नव्हतं.

प्रबोधदादाला शोधायचं काम त्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच हाती घेतलं. मुंबईला खलाशी भरतीचं काम करणारा निशिकांत त्याचा जुना मित्र होता. निशिकांतने चार ठिकाणी विचारलं, कोकणातल्या कोणाकोणाला फोन फिरवले आणि दोन दिवसांत प्रबोधदादाच्या मुलाचा नंबर पाठवला. म्हातारा खणखणीत आहे, गुडघे तेवढे गेलेत, असंही त्याने कळवलं.

शिरीषने फोन लावला तेव्हा पलीकडून आलेला आवाज त्याला लगेच ओळखता आला. स्वतःची ओळख देताना मात्र तो अडखळला. इथेही आपण आठवणार नाही अशी त्याने तयारी ठेवली होती. पण प्रबोधदादा जहाजाचं नाव ऐकताच म्हणाला, "शिरीष? ठाण्याचो? जेवक येणा नाय होतो तो?"

शिरीषला काही उमगेना. जेवायला येत नव्हता म्हणजे काय? तो तर रोज जात होता. पलीकडे म्हातारा हसला आणि सांगू लागला. रोज जायला लागलास ते नंतर. सुरुवातीचे कितीतरी दिवस तू बारची पायरी चढला नाहीस. मी भीक मागणार नाही म्हणायचास आणि केबिनचं दार लावून पडून राहायचास. बाईच्या ते लक्षात आलं. मी दाखवलेली बोटं आणि येणारी माणसं यांत एकाचा फरक पडत होता. मग ती एका झाकणाच्या डब्यात भात वेगळा काढून ठेवी आणि तो तुझ्यासाठी माझ्या हाती देई. तुला मी खोटंच सांगायचो की उरलेलं आहे, नाही खाल्लंस तर समुद्रात जाईल.

"एक दिवस डबो ऱ्हवलो," प्रबोधदादा म्हणाला, "तर बाई माझ्या मागसून धावत जहाजापर्यंत इली."

शिरीष फोन कानाला धरून सोफ्यावर बसला. त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं. ती बंद केबिन, तो डबा, दार वाजवणारा हा माणूस, सगळं त्याच्या मनातून साफ पुसलं गेलं होतं. बारमधलं पहिलं ताट तेवढं लख्ख आठवत होतं, आणि आपण पहिल्या दिवसापासून तिथे होतो असंच तो आजवर धरून चालला होता. धक्क्यावरून डबा घेऊन येणाऱ्या माणसाचे आभार मानायचे राहिलेत, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने ते आता मानले. मराठीत मानले तरी सोपं गेलं नाही. वाक्य मधेच तुटलं. प्रबोधदादाने ते पुरं होण्याची वाट न बघता विचारलं, बाई कशी आहे, आणि अजून मीठ कमीच घालते का.

आर्या आणि कुशलनी शेवटच्या दिवशी बोटीची फेरी रद्द केली होती. एन्कार्ना त्यांना मंडईत घेऊन गेली, कुठल्या दुकानातून ऑलिव्ह घ्यायचे आणि कुठल्या दुकानाकडे ढुंकूनही बघायचं नाही ते सांगितलं, आणि दुपारी घरी बाटिकच्या नव्या टेबलक्लॉथवर जेवायला वाढलं. शंकरपाळे तिने कॉफीत बुडवून खाल्ले. चांगी विमानतळावरून घरी येताना आर्या गाडीत मागे बसून सतत विचारत होती. तो कप्तान कोणतं गाणं म्हणायचा, दीपगृहावर जायला वारा किती असायचा, कोट पुढे काय झाला. शिरीष गाडी चालवता चालवता उत्तरं देत होता. कोट त्याने मुंबईला येताना विमानाच्या एसीत कुडकुडणाऱ्या एका प्रवाशाला देऊन टाकला होता, हे सांगताना त्याला स्वतःलाच नवल वाटलं. घर आलं तरी कोणी लगेच गाडीतून उतरलं नाही.

पुढच्या रविवारी त्याने तिन्ही ठिकाणचे फोन जोडून दिले. मालवणला दुपार कलत होती, पेन्यामारला जेवणाची वेळ झाली होती आणि सिंगापुरात दिवे लागले होते. सुरुवातीला शिरीषने प्रबोधदादाचं लुसियाला आणि लुसियाचं प्रबोधदादाला सांगायचा प्रयत्न केला. पण प्रबोधदादा आणि एन्कार्ना यांना तेवढा धीर नव्हता. प्रबोधदादाने मुलाला फोन उलटा धरायला लावून सकाळी आणलेली सुरमई दाखवली. एन्कार्नाने आपल्या ओट्यावरचा एक चपटा, काटेरी मासा शेपटीला धरून वर केला. तो मालवणीत बोलत होता, ती स्पॅनिशमध्ये, आणि दोघंही एकमेकांना होकार देत होते.

शिरीषने फोन फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला आणि खुर्ची थोडी मागे घेतली. सविता शेजारी लॅपटॉप उघडून बसली होती. त्याने हळूच तिला विचारलं, स्पेनची तिकिटं बघते आहेस का?

"आधी गोव्याची," ती म्हणाली. "तिथून मालवण जवळ आहे. स्पेन त्याच्यानंतर."